तमूसीच्या झऱ्यावर जायचा दिवस

सीवा,
बुधवार, ३ जानेवारी १९५१

आदरणीय सनूसीदादा यास,
सलाम.

आता सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे झाली आहेत. खजुराची एक्केचाळीस पोती मोजून लॉरीवर चढवली, पोत्यांवर आकडे घालताना हातांना लागलेला काळा रंग वाळूने घासून काढला आणि वखारीच्या पायरीवर लिहायला बसलो. अतिया ड्रायव्हर चहा पितो आहे. त्याचे तीन पेले होईपर्यंत पत्र पुरे करायचे आहे.

रुकैया कशी आहे म्हणून तू विचारलेस. मी तिला पाहिलेले नाही. आपला मेहुणा ओमरान खजुरीवरून पडून गेला तो शनिवार, २१ ऑक्टोबर, मुहर्रममधल्या आशूराचा आदला दिवस. त्याच संध्याकाळी आपल्या बहिणीने पांढरे नेसले आणि ती वरच्या खोलीत गेली. आज पंचाहत्तरावा दिवस. तिच्याजवळ मबरूकामावशी तेवढी असते. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर जवाची भाकरी आणि ऑलिव्हचे तेल ठेवतो, तीनदा टाळी वाजवतो आणि अंगणात भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. मावशी वाडगे घेऊन वर गेली की वळतो. गूला झालेल्या बाईची, दिवस न भरलेल्या विधवेची, नजर ज्याच्यावर पडेल त्याचे काय वाईट होते, हे तुला मी सांगायला नको.

रोज सकाळी रुकैया मावशीकरवी विचारते, "त्या कारकुनाला विचार, आज कितवा?" मी भिंतीकडे बघत मोठ्याने आकडा सांगतो. पूर्वी ती वरून हसायची. "कमी कर की रे एखादा, तुझ्या बापाचं काय जातं?" असेही एकदा म्हणाली. आता आकडा ऐकला की ती खोकते. काल दुपारच्या अजानपासून संध्याकाळच्या अजानपर्यंत ती सत्तावीस वेळा खोकली. अंगात ताप आहे असे मावशी म्हणते.

बलकासिमकाकांना सांगितले. ते म्हणाले, "थंडीत सगळं गाव खोकतंय. आणि तू खोकल्याचाही हिशेब ठेवतोस? लग्न कर बाबा, लग्न कर."

आईवडील नाहीत, तू लांब. काकांच्या पुढे माझे काय चालणार? काय करू ते कळव.

तुझा धाकटा भाऊ,
मक्की


अलेक्झांड्रिया,
१० जानेवारी

मक्की,

सत्तावीस वेळा खोकली हे मोजलंस, पण जिना एकदाही चढला नाहीस. वा रे भाऊ!

इथे आमच्या हॉटेलच्या मागे एक बाई विधवा झाली. आठव्या दिवशी ती बाजारात मासळीवाल्याशी भांडत होती. सगळ्या गल्लीने तिला पाहिलं. कोणावर आभाळ कोसळलं नाही, फक्त मासळीवाल्याला दोन क़िर्श कमी मिळाले. गूलाची नजर वगैरे म्हाताऱ्यांचं खूळ आहे, आणि तू चार इयत्ता शिकलेला माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहतोस!

सरकारी डॉक्टरला घरी ने. काकांना सांग, सनूसीने सांगितलंय. ते ओरडतील, ओरडू देत. डॉक्टर म्हणाला तर तिला मत्रूहच्या मोठ्या इस्पितळात आण. तिथे छातीचा फोटो काढतात. पाच पौंड पाठवतो आहे. ते याच कामाला वापर.

मी स्वतःच आलो असतो, पण मालक सुट्टी देत नाही. मोसम आहे.

सनूसी


सीवा,
बुधवार, १४ फेब्रुवारी

आदरणीय दादा,
सलाम.

पाच पौंड मिळाले. मागच्या लॉरीने लिहू शकलो नाही. २९ जानेवारीला पाऊस झाला, दीड तास. आपल्याकडची मिठाच्या मातीची भिंत तुला ठाऊक आहे. वरच्या खोलीचा एक कोपरा साखरेसारखा विरघळला. मी बाहेरून शिडी लावून खजुरीची झावळी आणि चिखल थापला. थापताना डोळे मिटले होते, म्हणून काम नीट झालेले नाही. खोली अजून ओली आहे आणि रुकैया त्याच खोलीत आहे.

५ तारखेला मी डॉक्टरसाहेबांना घेऊन आलो. काका जिन्यात दोन्ही हात पसरून उभे राहिले. डॉक्टर नाईलकडचे, तरुण, हसरे. म्हणाले, "मी डोळ्यांना रुमाल बांधून वर जातो. मग तर झालं?"

काका म्हणाले, "तुम्ही तुमचे डोळे बांधाल साहेब. तिचे कोण बांधणार?"

डॉक्टर हसायचे थांबले. मग जिन्यालगतच्या भिंतीला नळी लावून ऐकू लागले. काकांनी मला हळूच विचारले, "भिंतीला काय झालंय?" मावशी वरून ओरडत होती, "श्वास घे ग! आता सोड ग!" शेवटी डॉक्टर म्हणाले, भिंतीतून काही कळत नाही, पण खोकल्यावरून आणि तापावरून छातीत पाणी झाले असावे. ते सुईने काढावे लागते, मत्रूहला. केव्हा, म्हणून मी विचारले. "पुढची लॉरी कधी आहे?" असे त्यांनीच मला विचारले. दोन बाटल्या औषध दिले. नावे मी अक्षर न् अक्षर उतरवून घेतली आहेत.

काका तसे दुष्ट नाहीत. ते म्हणाले, "दिवस पुरे होऊ देत. तमूसीच्या झऱ्यावर अंघोळ होऊन नजर धुतली जाऊ दे. मग त्याच पायी लॉरीत बसव, मी आडवा येणार नाही. दिवस केव्हा पुरे होतात ते तू सांग, तू शिकलेला."

मी वखारीतले छापील कॅलेंडर काढून घरी नेले. विधवेने पाळायचे ते चार महिने दहा दिवस. २१ ऑक्टोबरपासून चार महिने म्हणजे २१ फेब्रुवारी. वर दहा दिवस. शनिवार, ३ मार्च. कागदावर मांडून काकांना दाखवले.

मबरूकामावशीने मात्र वाद घातला. तिने पहिल्या दिवशी मडक्यात खजुराच्या बिया मोजून ठेवल्या होत्या, तिच्या सासूने शिकवल्या तेवढ्या. रोज पहाटे ती एक बी बाहेर टाकते. ती म्हणते, "माझ्या बिया पाच दिवस आधी संपतायत."

"मावशी, पावसात भिंतीचं ढेकूळ पडून तुझं मडकं फुटलं होतं. पाच बिया चिखलात गेल्या असतील."

"चिखल चाळून काढला मी. एकही गेली नाही."

"मग छापलेलं खोटं?"

यावर ती वर निघून गेली. मला बरे वाटले, खरे सांगतो. एक दिवस कमी पडला आणि गावात कोणाचे काही झाले तर बोट आपल्या घराकडे दाखवतील. काकांनाही मी तेच म्हणालो : जास्त झालेले चालतात, कमी झालेले चालत नाहीत.

हैदा दवंडीवाल्याला ३ मार्च कळवले आहे. तमूसीच्या रस्त्यावर सात बागा आहेत. त्या सकाळी तिथे कोणी जायचे नाही म्हणून त्यांच्या पाण्याच्या पाळ्या हलवाव्या लागल्या. दोन घरांत भांडणे झाली, पण ठरले. लॉरी २८ फेब्रुवारीला जाते, मग १४ मार्चला. रुकैयाला १४ च्या लॉरीत बसवतो.

मक्की


अलेक्झांड्रिया,
२० फेब्रुवारी

मक्की,

हा काय हिशेब केलास!

ओमरान आशूराच्या आदल्या दिवशी गेला. आशूरा तुझ्या वखारीच्या कॅलेंडरवर येतो का? आपले महिने चंद्राचे. रोजे चंद्राचे, ईद चंद्राची, मग विधवेचे दिवस तेवढे सरकारचे कसे झाले? मी इथल्या मशिदीच्या इमामांना विचारलं. मुहर्रमची नववी, तिथून चार चंद्र आणि वर दहा. सोमवार, २६ फेब्रुवारी. मबरूकामावशीच्या बिया बरोबर आहेत. एकही चिखलात गेलेली नाही.

हे पत्र २७ तारखेला संध्याकाळी लॉरीबरोबर तुला मिळेल. तोवर तिचे दिवस भरून एक दिवस झालेला असेल. २८ ला सकाळी तिला लॉरीत बसव. अंघोळ झाली तर झाली, नाही झाली तर मत्रूहच्या समुद्रात करेल. मी मत्रूहला लॉरीच्या थांब्यावर उभा असेन. पंधरा दिवस थांबू नकोस. ऐकतोयस ना? थांबू नकोस.

सनूसी


सीवा,
बुधवार, २८ फेब्रुवारी

दादा,

सकाळचे सात वाजले आहेत. लॉरीचे इंजिन सुरू आहे आणि मी अतियाच्या दाराखालच्या पायरीवर उभा राहून लिहितो आहे. ती लॉरीत नाही.

तुझे पत्र काल सूर्य बुडायच्या वेळी वाचले. दोनदा वाचायची गरज पडली नाही. धावत घरी गेलो आणि भिंतीकडे तोंड करून ओरडलो, "मावशी, बिया संपल्या का?"

"सोमवारीच संपल्या. नवं मडकं उपडं करून ठेवलंय. तू विचारशील म्हणून वाट बघत होते."

काकांकडे गेलो. त्यांनी माझे बोलणे शेवटपर्यंत ऐकले. मग कोनाड्यातून माझाच कागद काढला, त्यावर मी आखलेल्या रेघा आहेत, आणि म्हणाले, "हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

"तेव्हा म्हणालास हे बरोबर. आज म्हणतोस ते बरोबर. उद्या अलेक्झांड्रियाहून तिसरं पत्र आलं म्हणजे?"

"काका, मी चुकलो. मावशी बरोबर होती."

"जास्त झालेले चालतात, कोण म्हणालं होतं?" असे म्हणताना ते रागावलेले नव्हते. त्यांनी कागद परत कोनाड्यात ठेवला. "मक्की, त्या रस्त्यावर माझ्या दोन नातवांची बाग आहे. दवंडीशिवाय ती उतरली आणि पोरं समोर आली, तर मी कोणाकडे बघू?"

मग हैदाकडे. तो कांदे सोलत होता. "माझा गळा एकच आहे," तो म्हणाला. "शनिवार म्हटलं की शनिवार. सात बागांचं पाणी फिरवलंय. आता फिरून सांगितलं तर लोक विचारतील, हैदा, मागच्या खेपेला खोटं बोललास की या खेपेला? मग पुढच्या गूलाला माझं कोण ऐकेल?"

आज पहाटे अतियाला गाठले. तो बेदुइन, त्याला आपल्या गोष्टींचे भय नाही. म्हणाला, "आण तिला, पुढं माझ्याशेजारी बसव." मागे पोत्यांवर आपले सोळा लोक बसले होते. त्यांनी ते ऐकले. एकेक जण खाली उतरला. म्हातारा खमीससुद्धा, ज्याचा मत्रूहला कोर्टात खटला आहे. रस्त्यात उभे राहिले, माझ्याकडे न बघता. अतिया म्हणाला, "भाऊ, सोळा भाडी सोडली तर मालक मला सोडील." तरी तो एक तास थांबला. त्या तासात काय करायचे ते मला सुचले नाही. त्या तासात मी घरी गेलो.

वरून मावशीचा आवाज आला. "ती विचारतेय, कारकून, आज कितवा?"

"एकशे एकतिसावा," मी सांगितले.

"मग उरले किती?"

दादा, मी म्हणालो, "तीन."

मक्की


मर्सा मत्रूह,
२ मार्च

मक्की,

लॉरी आली. सोळा माणसं उतरली. मी सतरावं शोधत होतो. अतियाने तुझं पत्र हातात दिलं.

तुला शिव्या देणारं एक पत्र लिहिलं आणि फाडलं. हे दुसरं. मालक सुट्टी देत नाही असं मी जानेवारीत लिहिलं, ते खोटं होतं. मी मागितलीच नव्हती. मागितली असती तर मिळाली असती, मिळाली असती तर सीव्याला यावं लागलं असतं, आणि आलो असतो तर तुम्ही सगळे जिन्याकडे बोट दाखवून म्हणाला असता, जा, तू तर मानत नाहीस. कागदावर मी मानत नाही. म्हणून कागदच पाठवत राहिलो.

काल लॉरीची धूळ दिसली तेव्हा मी कुठे उभा होतो सांगू? चहाच्या टपरीच्या मागे. अंघोळ न करता आली असेल तर तिची पहिली नजर माझ्यावर पडू नये, म्हणून. तू भिंतीकडे तोंड करून उभा राहतोस म्हणून मी तुला हसलो होतो.

ती आली नाही हे कळल्यावर एक क्षणभर मला हायसं वाटलं. हे तुझ्याशिवाय कोणाला सांगणार?

इस्पितळात बोलून ठेवलंय. खाट आहे. मी इथेच राहतो, चौदाच्या लॉरीपर्यंत. नोकरी राहिली तर राहिली.

ती कशी आहे ते लिहू नकोस. घेऊन ये.

सनूसी


सीवा,
बुधवार, १४ मार्च

आदरणीय दादा,
सलाम.

सकाळचे साडेसहा झाले आहेत. मी लॉरीमागे उभा आहे, पोत्यांवर गादी घालून झाली. हे पत्र मबरूकामावशीच्या पदराला बांधून देतो आहे. म्हणजे तू हे वाचशील तेव्हा रुकैया तुझ्यासमोर असेल. ती कशी पोचली हे तुला माझ्या आधी कळेल. मला पुढच्या लॉरीने.

शनिवारचे सांगतो. सकाळी आठ वाजता हैदा गल्लीतून ओरडत गेला. दारे लागली. मीही आतून कडी घालून दाराला पाठ लावून बसलो. दोघींची पावले जिन्यावरून उतरली आणि दारावरून पुढे गेली. रुकैयाचे पाऊल घासत होते. मग काही ऐकू आले नाही. मग मावशी ओरडली, "अरे कोण आहे का! पोरगी पडली!"

त्या गल्लीत अकरा दारे आहेत. अकराही घरांत माणसे होती. एकही दार उघडले नाही. मी कडीवर हात ठेवला आणि हिशेब करत राहिलो की ती कुठवर पोचली असेल, पाणी अजून किती लांब असेल. मावशीने चौथी हाक मारली तेव्हा कडी काढली. माझ्यामागे आणखी एक कडी निघाल्याचा आवाज आला. बलकासिमकाका होते. पण ते उंबऱ्यावरच थांबले. त्यांचे पाऊल पुढे पडेना.

मी तिला उचलले. ती ओल्या झावळीइतकीही जड नव्हती. तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"उघड," मी म्हणालो. "आता काही होत नाही."

"पाण्यापर्यंत नको," ती म्हणाली.

तमूसीपर्यंत मी तिला तशीच नेली. मावशीने तिला पाण्यात बसवले, मी पाठ फिरवून उभा राहिलो. पाण्याचा आवाज थांबल्यावर ती म्हणाली, "बघ आता." मी वळलो. ती म्हणाली, "काय रे कारकुना, केवढा वाळलास!"

परत येताना मी तिला पाच दिवसांचे सांगितले. कॅलेंडरचे, चंद्राचे, सगळे. ती थोडा वेळ खोकली. मग म्हणाली, "झरोक्यातून चंद्र मलाही दिसत होता, मक्की. मावशीच्या बिया सोमवारी संपल्या तेव्हा मला कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू तीन म्हणालास. तुझं बरोबर असलं तर? मी आधी उतरले असते आणि तुला काही झालं असतं तर?"

त्यानंतरचे अकरा दिवस लॉरीची वाट बघण्यात गेले. सरकारी अंमलदार मामूरसाहेबांची जीप सरहद्दीवर गेली आहे, आली नाही. उंटाने आठ दिवस लागतात. डॉक्टर रोज येऊन गेले. आता त्यांना कोणी अडवत नाही. काका स्वतः त्यांची पेटी धरतात. डॉक्टरांनी परवापासून मला काही सांगायचे बंद केले आहे. मीही विचारत नाही. काल तिने रंगीत नेसायला मागितले, बाह्यांवर भरतकाम असलेले. मावशीने नेसवले. ते ढगळ होते.

मी बरोबर येत नाही. बाईजवळ बाई हवी आणि लॉरीत तिसरी जागा नाही. तू तिथे आहेस. पण दादा, टपरीच्या मागे उभा राहू नकोस.

तुझ्या पैशांचा हिशेब पुढीलप्रमाणे.

आले : पाच पौंड, म्हणजे पाचशे क़िर्श.
औषधाच्या दोन बाटल्या, छत्तीस.
मध, बारा.
हैदाची दवंडी, दहा.
जाण्याचे भाडे, रुकैया आणि मबरूकामावशी, चाळीसप्रमाणे ऐंशी.
तिला आडवे निजता यावे म्हणून दोन पोत्यांची जागा, साठ.
एकूण खर्च एकशे अठ्ठ्याण्णव. उरलेले तीनशे दोन मावशीजवळ कापडात बांधून दिले आहेत. मोजून घे.

देणे : अतियाचे परतीचे भाडे. तो विचारत होता, एकीचे धरू की दोघींचे. मी ती जागा कोरी ठेवली आहे.

मक्की